दाराखालचा गंज

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याला सगळे तोळामासा म्हणत. प्रकृतीनं गडी चांगला धडधाकट होता. पन्नाशी उलटली तरी आठ मजले जिन्यानं चढून मशीनच्या खोलीत पोचायचा आणि वर गेल्या गेल्या शीळ घालायचा. नाव पडलं होतं त्याच्या वजन करण्याच्या खोडीमुळे. खिशात हूकचा एक छोटा काटा असायचा, आणि हाताला लागेल ती वस्तू, मग तो बोल्ट असो की बायकोनं डब्यात दिलेलं सफरचंद, आधी त्या काट्याला लटकायची.

हसायचे ते पाठीमागे. तोंडावर त्याला मान होता, कारण त्याची सही स्वस्त नव्हती. दोराच्या दोन तारा तुटलेल्या दिसल्या की तो लिफ्ट बंद करायचा, दाराला पाटी अडकवायचा आणि खाली येऊन चहा प्यायचा. मग इमारतीचे मालक गयावया करोत, साहेबांचा फोन येवो, नाहीतर सातव्या मजल्यावरच्या आजी शिव्याशाप देवोत. "जिना आहे की," एवढंच म्हणायचा. "जिना कधी तुटून पडत नाही."

या माणसाच्या पोटात एक जुनी गोष्ट होती. लिफ्टच्या कामाला लागण्याआधी, चोविसाव्या वर्षी, तो एका शर्यतीच्या गाडीवर मेकॅनिक होता. सरावाच्या एका दिवशी चालकाला ताप भरला आणि ब्रेक तर तपासायचे होते, म्हणून मालक त्याला म्हणाला, "चल, तू घे फिरवून." त्यानं सात फेऱ्या मारल्या. सातवी फेरी त्या चालकाच्या कुठल्याही फेरीपेक्षा पाऊण सेकंदानं कमी भरली. मालकानं घड्याळ दोनदा बघितलं आणि पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षी बघू तुझं." पुढच्या वर्षी मालकानं गाड्या विकून फर्निचरचं दुकान टाकलं. झालं. त्यानंतर लग्न, मुलगी, मुलीचं शिक्षण, तिचं दूरच्या शहरात नोकरीला जाणं. सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. पण रस्त्यावर एखादं लांब वळण आलं की बसमध्ये बसल्याबसल्याही त्याचा उजवा पाय हलायचा. बायकोनं ते पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

कूपे गाडी त्याला सापडली ती एका अकरा मजली इमारतीच्या तळघरात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी का साचतं ते बघायला तो उतरला होता. कोपऱ्यात ताडपत्रीखाली दोन दारांची, बसक्या छपराची, जुनी स्पोर्ट्स गाडी उभी होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, काचेवर धुळीचा थर. मालकीण डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, तो जाऊन नऊ वर्षं झालेली. बाई म्हणाल्या, "घेऊन जा हो. तेवढीच जागा मोकळी होईल."

त्याच्या मेहुण्याचा बंद पडलेल्या गाड्या उचलून नेण्याचा धंदा होता. त्यानं ट्रक आणला, गाडी आपल्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली आणि डोकं खाजवत विचारलं, "भाऊजी, हिचं करायचं काय?"

"हलकी करायची. साडेअकराशे किलोची आहे. आठशेवर आणायची."

"आणि मग?"

"मग ट्रॅकवर न्यायची. एकदा."

शहराबाहेर तोच जुना ट्रॅक अजून होता. महिन्यातून एक दिवस तिथे कुणालाही आपली गाडी आणता यायची. तपासनिसानं पास केली, डोक्यावर हेल्मेट असलं, की पळवा. शर्यत नाही, बक्षीस नाही. त्याला तेवढंच हवं होतं. गाडीत ताकद घालायला इंजिनं लागतात, यंत्रं लागतात. वजन काढायला पाना, छिन्नी आणि चिकाटी पुरते. चिकाटी त्याच्याकडे पोत्यानं होती.

दर रविवारी सकाळी सातला तो शेडमध्ये हजर. मागची सीट निघाली, गालिचा निघाला, हीटर, रेडिओ, स्पीकर, दारांच्या आतलं अस्तर, डिकीचं झाकण उचलणारे दोन दांडे. प्रत्येक वस्तू काट्याला लागायची आणि भिंतीवर खडूनं आकडा पडायचा. काचा वरखाली करणारी यंत्रं काढली, दारात काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे पातळ तक्ते बसवले. मेहुणा येताजाता टोमणे मारायचा. "भाऊजी, रंगही खरवडा की. अर्धा किलो तरी निघेल."

"साडेतीन निघेल," हा मान वर न करता सांगायचा.

पहिल्या वर्षी बायको भांडायला म्हणून शेडमध्ये आली आणि तिथेच रमली. ती घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची. आठवडाभर मान खाली घालून तिला कंटाळा यायचा. त्या दिवशी तो गाडीच्या फरशीवरचं डांबराचं अस्तर काढत होता. आवाज दाबायला कारखान्यात चिकटवलेलं हे डांबर गरम केलं तर चिकट होतं आणि जन्मभर पुरतं. तो आइस्क्रीमच्या कारखान्यातून कोरडा बर्फ आणून त्यावर पसरायचा. डांबर गारठून काचेसारखं ठिसूळ झालं की हातोडीच्या एका ठोक्यात तडतडत सुटायचं.

"द्या इकडे," बायको म्हणाली. पहिला तुकडा उडाला तशी ती हसली. दुपारपर्यंत तिनं अर्धी फरशी मोकळी केली होती. "हे बरंय. पडदे शिवण्यापेक्षा फोडाफोड बरी."

मग ती दर रविवारी यायला लागली. दार आतून ओढायला तिनं जाड कापडाचे दोन पट्टे शिवून दिले. लोखंडी हँडल सातशे ग्रॅमचं होतं, पट्टा भरला चाळीस. त्यानं तो काट्यावर धरून तिला दाखवला तेव्हा लग्नात घेतलेल्या साडीचंही एवढं कौतुक झालं नव्हतं, असं तिनं मुलीला फोनवर सांगितलं.

भांडण झालं ते दुसऱ्या सीटवरून. तिचं म्हणणं, मीही बसणार. त्याचं म्हणणं, सीट आणि तिचे पट्टे मिळून नऊ किलो.

"मग तुम्ही पोट नऊ किलो उतरवा," ती म्हणाली. "तीन वर्षं मी काय नुसतं डांबर फोडायला आले का?"

सीट बसली. तिनं त्याला शब्द द्यायला लावला की पहिल्याच दिवशी तिला फेरी मिळेल. त्यानं दिला. हेल्मेट ती स्वतः जाऊन घेऊन आली, पांढरं, आणि घरात भांडी घासताना एकदा घालून बघितलं.

चौथ्या वर्षी बातमी आली की ट्रॅकची जमीन विकली गेली. तिथे गोदामं होणार होती. शेवटचा खुला दिवस दहा आठवड्यांवर होता. काम तसं संपत आलं होतं. राहिला होता गाडीच्या आतला पाइपांचा पिंजरा, उलटली तर डोकं वाचवणारा. तो असल्याशिवाय पास करत नसत.

पिंजऱ्याचा मागचा पाय डाव्या दाराखालच्या उंबऱ्यावर टेकायचा होता. उंबरा म्हणजे दाराखालून आडवी जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. छप्पर कापून टाकलं तरी गाडी तिच्या जिवावर उभी राहते. मागच्या चाकाचा दांडाही त्याच पेटीच्या टोकाला अडकतो. रविवार पुरेनात म्हणून तो आता संध्याकाळीही एकटाच शेडमध्ये यायचा. वेल्डिंगसाठी त्यानं तिथला रंग घासायला घेतला. रंगाखाली तपकिरी फोड आले होते. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर असा लावलाच नाही, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

त्यानं तो उपसला आणि बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला ओला भुगा लागला होता. नऊ वर्षं ती गाडी तळघराच्या ओलीत उभी होती. बाहेरून रंग शाबूत आणि आतून वाळवी लागल्यागत सगळं खाल्लेलं. उजवीकडे बघितलं. उजवीकडे तेच.

करायचं काय, ते त्याला पाठ होतं. गाडी पुन्हा सांगाडा करायची, दोन्ही पेट्या समूळ कापायच्या, निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे जायचं आणि नव्या घडवून बसवायच्या. वर्षाचं काम. तेही निरोगी पत्रा कुठेतरी लागलाच तर.

दहा आठवडे होते.

त्यानं एक मिलिमीटरचा पत्रा कापला आणि दोन्हीकडे ठिगळं मारली. गंजावर वेल्डिंग धरत नाही, ते फक्त धरल्यासारखं दिसतं. त्यानं ती घासून गुळगुळीत केली, सांधे भरले आणि खालून काळा रबरी रंग मारला. दोन हात मारले. मेहुणा ट्रक लावून आत आला तेव्हा तो ब्रश धूत होता.

"काय हो, गंज लागला होता काय?"

"वरवरचा," तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षांत कामाच्या बाबतीत तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि आश्चर्य म्हणजे जीभ जराही अडखळली नाही. बायकोला त्यानं काहीच सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. त्याच्या कामाबद्दल शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

गाडी शेवटी आठशे चौदा किलो भरली. चौदा किलोंबद्दल तो एरवी महिनाभर हळहळला असता.

खुल्या दिवशी सकाळी ट्रॅकवर चाळीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या. आकाश निरभ्र, वारा नाही, डांबर कोरडं. मेहुण्यानं ट्रकवरून कूपे उतरवली. बायको हेल्मेट मांडीवर घेऊन कठड्यावर बसली आणि आल्यागेल्याला सांगू लागली की दाराचे पट्टे तिनं शिवलेत.

तपासनीस साठीचा होता. हातात विजेरी आणि छोटी हातोडी. गाडीखाली वाकायचा, ठकठक वाजवायचा, आवाज ऐकायचा. यांच्या पुढच्या गाडीला त्यानं एका सैल नळीपायी परत पाठवलं. ते पाहून याला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. आता हा हातोडी मारणार, भद्द आवाज येणार आणि मिटणार एकदाचं.

तपासनिसानं पुढची चाकं हलवून बघितली, ब्रेक बघितले, पिंजऱ्याचे सांधे नखानं चाचपले. मग हातोडी घेऊन दाराशी वाकला आणि वाकल्यावाकल्या वर बघितलं.

"तुम्ही लिफ्टवाले ना हो? आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तुम्हीच बंद केली होती. पंधरा दिवस पाय मोडले आमचे."

"असेल," तो म्हणाला.

"असेल काय! किती शिव्या दिल्या तुम्हाला आम्ही. मग जुना दोर खाली उतरवला तेव्हा तुम्ही सगळ्यांना बोलावून दाखवलात. आतून नुसता सडलेला. माझी नातवंडं रोज त्याच लिफ्टनं शाळेत जायची." तपासनीस उठून उभा राहिला, गुडघे झटकले. "तुमच्या हातचं काम मी काय तपासायचं? उलट तुम्हीच आमच्या चार गाड्या बघून द्या." आणि त्यानं हिरवा कागद काचेवर चिकटवून अंगठ्यानं दाबला.

आत्ताच बोलायचं, असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. पण मागे गाड्यांची रांग होती, बायको हात हलवत होती, आणि तपासनीस पुढच्या गाडीकडे गेलाही होता.

पहिलं सत्र एकट्या चालकांचं होतं, दुसरं सोबत माणूस घेऊन जाणाऱ्यांचं. तो पट्टे आवळून बाहेर पडला. पहिली फेरी सावकाश. दुसऱ्या फेरीत त्यानं पाय दाबला आणि गाडी पाखरासारखी सुटली. चार वर्षांचे रविवार एका झटक्यात पाठीला येऊन टेकले. तिसऱ्या फेरीत ते लांब उजवं वळण आलं. गाडीचं पुढचं तोंड वळलं, मागचा भाग मात्र जरा वेळानं, कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसा वळला. डावीकडून खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. कोरडी काटकी मोडावी एवढाच. त्यानं डावीकडे पाहिलं तेव्हा दाराच्या वरच्या कडेला बोटभर फट पडली होती आणि तिच्यातून गवत पळताना दिसत होतं. वळण सरलं तशी फट मिटली.

तो चालत्या माणसाच्या वेगानं गाडी आत घेऊन आला.

बायको हेल्मेट घालूनच पुढे आली. हनुवटीखालचा पट्टा नीट लागला नव्हता. "झालं पण? आणखी फेऱ्या होत्या ना? बरं, आता मी येते."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"अगं, गाडी सडलेली आहे." तो अजून सीटवरच बसून होता. "दाराखाली. दोन्ही बाजूंनी. मी वरून ठिगळं मारलीत."

तिला आधी कळलंच नाही. हेल्मेटमुळे ऐकू आलं नसेल म्हणून तिनं ते काढलं. त्यानं पुन्हा सांगितलं, स्क्रूड्रायव्हरपासून रबरी रंगापर्यंत सगळं.

"केव्हापासून माहीत होतं?"

"दहा आठवडे."

"म्हणजे दहा रविवार मी शेजारी बसून डबा खाल्ला." ती हळू बोलत होती, आजूबाजूला माणसं होती. "मला बसवायचा धीर होईना, आणि स्वतः कसे बसलात हो? तुम्हाला काही झालं असतं तर मी इथे कठड्यावर बसून टाळ्या वाजवत असते."

"एकदाच जायचं होतं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ते त्याला पोरकट वाटलं.

"मला विचारायचं होतं. मी म्हटलं असतं, नका जाऊ. म्हणूनच नाही विचारलंत."

ती जाऊन भावाच्या ट्रकमध्ये बसली.

तो तपासनिसाला शोधत गेला. तो सावलीला बसून पाणी पीत होता. यानं उभ्याउभ्याच सांगितलं. तपासनीस उठला, गाडीपाशी आला आणि हातोडीनं दाराखाली ठोकलं. भद्द. पुन्हा जोरात ठोकलं तसा काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि ठिगळाची कड उघडी पडली. त्यानं काचेवरचा हिरवा कागद नखानं सोलून काढला. सगळा निघाला नाही, एक कोपरा राहिला, तोही खरवडला.

"माझीच चूक," तपासनीस म्हणाला. "मी माणूस बघून सही केली." जाता जाता तो थांबला. "एक विचारू? आमची लिफ्ट अजून तुमच्याच सहीवर चालते. आज घरी गेल्यावर जिन्यानं जाऊ का?"

"लिफ्ट चांगली आहे," तो म्हणाला.

"असं तुम्ही म्हणता," तपासनीस म्हणाला, आणि गेला.

सोमवारी तो नेहमीसारखा कामाला गेला. एका दवाखान्याच्या लिफ्टचे दोर तपासायचे होते. त्यानं ते तपासले, वरपासून खालपर्यंत, बोटांनी, कापड फिरवून. दोर उत्तम होते. तो कागद घेऊन बसला आणि त्याला सही करवेना. पुन्हा वर गेला, पुन्हा तपासले. तिसऱ्यांदा गेला. संध्याकाळी दवाखान्यातून साहेबांना फोन गेला की तुमचा माणूस सकाळपासून मशीनच्या खोलीत बसून आहे.

असं महिनाभर चाललं. शेवटी तो स्वतःच साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "माझी सहीची परवानगी काढून घ्या."

साहेबांना कारण कळलं तेव्हा ते हसले. "अहो, ती तुमची हौस होती. इथल्या कामात कधी काडीची चूक नाही तुमची. एका खेळण्यापायी एवढं?"

"तिथे खोटं लपवता आलं मला," तो म्हणाला. "दहा आठवडे झोपही चांगली लागत होती. मला वाटायचं, मला ते जमतच नाही म्हणून मी खरा आहे."

साहेबांनी खूप समजावलं, मग चिडले, मग कागद काढला. आता त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस सही करतो. हा दोर पुसतो, वंगण लावतो, खड्ड्यातलं पाणी उपसतो. सुरुवातीला कुजबुज झाली, पुढे तीही थांबली. हूकचा काटा टेबलाच्या खणात पडून आहे.

गाडी उभी करून पुन्हा घडवावी, असा विषय मेहुण्यानं एकदा काढला. यानं दोन्ही पेट्या कापून बघितल्या. गंज फरशीत गेला होता, फरशीतून मागच्या आडव्या पट्टीत. जिथे टोचावं तिथे भुगा. निरोगी पत्रा असा कुठे लागलाच नाही. आणि लागून तरी काय, ट्रॅकवर तोवर गोदामांचे खांब उभे राहिले होते. मेहुण्यानं इंजिन आणि चाकं एकाला देऊन टाकली. सांगाडा एका दुपारी गॅसनं कापला, चार तुकडे केले आणि ट्रकमध्ये भरून नेला. शेड त्यानं जुन्या बॅटऱ्या ठेवायला घेतली.

बायको त्याच्याशी बोलते. जेवायला वाढते, मुलीचा फोन आला की हाक मारते, दाढी वाढली की आठवण करून देते. पण घरातला बल्ब त्यानं बदलला की बटण एकदा दाबून बघते, आणि गॅसची नळी त्यानं बसवली की नाक जवळ नेऊन वास घेते. पूर्वी असं करत नसे. तो ते बघतो आणि पेपर वर धरतो.

एका रविवारी सकाळी ती खिडकीशी पडद्याची कड दुमडत बसली होती आणि तो समोर नुसताच बसला होता. हल्ली रविवारी तो असाच बसायचा. तिनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "काय वाटलं हो, त्या तीन फेऱ्यांत? कधी सांगितलंच नाहीत."

त्यानं आठवून बघितलं. खरंच मन लावून आठवलं.

"ऐकत होतो," तो म्हणाला. "कुठून मोडतेय ते. बाकी काही लक्षात नाही राहिलं."

आणखी काही येतंय का म्हणून तिनं वर बघितलं. मग तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि कापड पुढे ओढलं.